पडण्याआधी नोंद करूया!



पावसाळा लागला की जुन्या नाशकात एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. अमुक गल्लीत वाड्याची भिंत कोसळली. महापालिकेच्या नोटिसा निघतात, राहणारी माणसं सामान हलवतात आणि दोन-चार दिवसांत दगडमाती ट्रॅक्टरमध्ये भरून नेली जाते. कुणाला इजा झाली नाही हे कळलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. ते बरोबरच आहे. माणूस आधी, वाडा नंतर.

पण त्यानंतर एक प्रश्न उरतो, आणि तो फारसा कुणी विचारत नाही. त्या वाड्याचं आपल्याकडे काय राहिलं? चौक किती खणांचा होता? लाकडी खांबाखालच्या तळखड्यावर काय कोरलेलं होतं? देवळी कोणत्या भिंतीत होती, आड कुठे होता, माडीवर जायचा जिना भिंतीच्या आत होता की बाहेर? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये मागे थोडी महिरप दिसते, तेवढंच.

आज मला याच विषयावर लिहायचं आहे. जुन्या वास्तू वाचवायला पैसा लागतो, कारागीर लागतात, कायदा लागतो. ते सगळं शाळेच्या हातात नाही. पण वास्तू पडायच्या आधी तिची नीट नोंद करणं हे आपल्या हातात आहे. आजच्या मोबाईलमुळे तर ते पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. माझं मत स्पष्ट आहे: ज्या वास्तूंकडे सरकारचं लक्ष पोहोचत नाही, त्यांची नोंद गावातल्या शाळेने करावी, आणि तीही आत्ताच.

संरक्षित किती आणि बाकीचं किती?

आपल्या जिल्ह्यात वारशाची काही कमी नाही. पांडवलेणी आणि सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर ही केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहेत. सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. बागलाणातला साल्हेर किल्ला तर जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. मुलांना हे अभिमानाने सांगावंच.

पण गावोगावच्या बारवा, वेशी, चावड्या, दीपमाळा, पाराशेजारचे वीरगळ, सतीशिळा, जुन्या समाध्या, दर्गे, वाडे, गढ्या यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच संरक्षित यादीत नाही. १९५८ चा केंद्राचा कायदा किंवा १९६० चा महाराष्ट्राचा कायदा या वास्तूंना लागू होत नाही, कारण ते कायदे यादीत असलेल्या स्मारकांसाठी आहेत.

बरं, यादीत असलं की सगळं ठीक, असंही नाही. २०१३ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी १,६५५ ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी करून घेतली, तेव्हा ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत! पुढे पुरातत्त्व विभागाने शोध घेतल्यावर त्यातली काही सापडली. तरीही संसदेच्या समितीसमोर ५० स्मारकांचा हिशेब असा आला: १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ जलाशयांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. विचार करा, सरकारदरबारी नोंद असलेल्या स्मारकांची ही गत असेल, तर ज्यांचं नावही कुठे लिहिलेलं नाही त्यांचं काय?

नोंद काय करू शकते, हे नाशिकनेच दाखवलंय

कुणी म्हणेल, "नोंद करून वास्तू थोडीच वाचते?" याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्या भागातले किल्ले घेतले. पुन्हा कुणी तिथे ठाण मांडू नये म्हणून कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगाने उडवून दिल्या. आज ट्रेकला गेल्यावर जिथे दोर लावावा लागतो, तिथे अनेकदा मुळात चांगल्या कोरीव पायऱ्या होत्या. त्याच साली कॅप्टन ब्रिग्ज हा अधिकारी या किल्ल्यांवर फिरला आणि दरवाजे, पाण्याची टाकी, कोठारं, वाटा यांची वर्णनं त्याने लिहून ठेवली. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये ती घेतलेली आहेत. त्याचा हेतू इतिहास जपण्याचा नव्हता, लष्करी होता. पण आज किल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्याला मूळ वाट कुठून होती हे शोधायचं तर त्या वर्णनांकडे वळावं लागतं.

दुसरं उदाहरण गोदाकाठच्या जुन्या मातीच्या गढीचं. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथे आणि संगमनेरजवळच्या जोर्वे इथे उत्खनन केलं. उत्खननात एक गंमत असते, ती मुलांना जरूर सांगा. मातीचा थर एकदा खणला की तो थर संपला. तो परत रचता येत नाही. म्हणून कुठल्या थरात कोणतं खापर मिळालं, किती खोलीवर, मातीचा रंग कसा, हे सगळं त्याच वेळी मोजून, रेखाटून ठेवावं लागतं. सांकळिया सरांनी ते ठेवलं, म्हणून आपल्या शहराच्या खाली तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती आहे हे आज आपण छातीठोकपणे सांगू शकतो.

तिसरं उदाहरण तर अगदी आपल्या डोळ्यांसमोरचं आहे. रामकुंड आणि आसपासच्या गोदापात्रात पूर्वी अनेक छोटी-मोठी कुंडं होती. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास पात्रात काँक्रीट पडलं आणि त्यातली बरीच कुंडं झाकली गेली. पुढे नागरिकांनी जेव्हा काँक्रीट काढून कुंडं मोकळी करा असा आग्रह धरला, तेव्हा "इथे कुंड होतं कशावरून?" हा प्रश्न येणारच होता. त्या वेळी कामाला आला तो १९१७ चा भूमापन नकाशा. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी मोजणी करून कागदावर रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा नसत्या तर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींना कुणी पुरावा मानलं नसतं.

म्हणजे नोंदीने वास्तू पडायची थांबत नाही हे खरं. पण 'इथे काय होतं' या प्रश्नाला उत्तर राहतं, आणि त्या उत्तराच्या जोरावर पुढची पिढी काही मागू शकते, काही परत उभं करू शकते.

डिजिटल नोंद म्हणजे नक्की काय?

आता थोडं तंत्राबद्दल. घाबरू नका, सोपं आहे.

एक पद्धत लेझर स्कॅनरची. यंत्र भिंतीवर प्रकाशाचा किरण सोडतं, तो आदळून परत येतो आणि त्यावरून यंत्र अंतर काढतं. असं लाखो-कोटी वेळा होतं. शेवटी संगणकावर बिंदूंचा एक ढग तयार होतो आणि त्या ढगात वास्तूचा आकार हुबेहूब दिसतो. हे यंत्र महाग असतं, ते आपल्या आवाक्यातलं नाही.

दुसरी पद्धत फोटोंची. एकाच वस्तूचे चहूबाजूंनी भरपूर फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग परत आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फोटोंतले सारखे बिंदू जुळवतं आणि त्यातून त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनांतून बघतात आणि मेंदूला खोली कळते, तसंच हे. साधा मोबाईलही इथे पुरतो.

जगात याचा उपयोग कसा झाला बघा. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या भव्य बुद्धमूर्ती २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या. मोठी मूर्ती सुमारे ५५ मीटर उंचीची होती. पण १९७० मध्ये ऑस्ट्रियाच्या एका संशोधकाने मोजणीसाठी लागतात तसे तिचे फोटो घेतलेले होते. त्या फोटोंवरून पुढे झुरिचच्या अभ्यासकांनी मूर्तीची संगणकीय प्रतिकृती तयार केली. पॅरिसचं नोत्र दाम चर्च एप्रिल २०१९ मध्ये जळालं. त्याच्या काही वर्षं आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकांनी ते सगळं लेझरने मोजून ठेवलं होतं. आग लागायच्या आधीच ते वारले, पण त्यांची मोजमापं पुनर्बांधणीच्या वेळी हाताशी होती. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

ही झाली जगप्रसिद्ध ठिकाणं. मला जास्त जवळचं वाटतं ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचं उदाहरण. टांझानियात किल्वा किसिवानी नावाचं बेट आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं ज्या स्वाहिली बंदरांशी व्यापार करायची, त्यातलं हे एक मोठं बंदर. १३३१ मध्ये इब्न बतूता इथे येऊन गेला. इथली मोठी मशीद आणि राजवाडा समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडात आणि चुन्यात बांधलेले. आज तिथे फक्त अवशेष आहेत. समुद्राच्या लाटा पाया खातात आणि झाडांची मुळं भिंतींत शिरतात. १९८१ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आलं, पण पडझड इतकी वाढली की २००४ मध्ये ते 'धोक्यातल्या' यादीत टाकावं लागलं. बरीच कामं झाल्यावर २०१४ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं.

याच किल्व्याचे अवशेष केप टाऊन विद्यापीठाच्या 'झमानी' प्रकल्पातल्या लोकांनी लेझरने आणि फोटोंनी मोजून ठेवले. स्वाहिलीत 'झमानी' म्हणजे पूर्वीचा काळ. आपला 'जमाना' शब्दही त्याच मुळाचा, अरबीतून आलेला. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात! पिंपळाचं रोप आपल्याकडे गढीच्या बुरुजात शिरतं, तिकडे दुसरी झाडं मशिदीच्या भिंतीत शिरतात. प्रश्न एकच आहे. तिथल्या लोकांनी भिंती पडायची वाट न बघता मोजमाप केलं, हे आपण त्यांच्याकडून घ्यायचं.

पण स्कॅन केलं म्हणजे जपलं, असं नाही

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे, कारण हल्ली 'डिजिटल' हा शब्द आला की सगळे खूश होतात.

पहिली गोष्ट: पडद्यावर गरगर फिरणारं चित्र म्हणजे नोंद नाही. त्यात माप नसेल, तारीख नसेल, ठिकाण नसेल, कुणी केलं ते नसेल, तर ते फक्त करमणुकीचं आहे. साध्या वहीतलं, पट्टीने मोजून काढलेलं चित्र त्यापेक्षा जास्त मोलाचं.

दुसरी गोष्ट: "आमच्याकडे स्कॅन आहे, आता पाडायला हरकत नाही" अशी पळवाट कुणालाही मिळता कामा नये. नोंद ही डागडुजीची पहिली पायरी आहे. आजारी माणसाचा एक्स-रे काढतात तो उपचार करण्यासाठी. फोटो काढून झाला म्हणून कुणी उपचार बंद करत नाही.

तिसरी गोष्ट: डिजिटल वस्तू फार लवकर मरते. ताम्रपट हजार वर्षं टिकतो. पांडवलेण्यांतले शिलालेख जवळजवळ दोन हजार वर्षं ऊन-वारा सोसून आजही वाचता येतात. आणि आपला मोबाईल पाण्यात पडला की पाच वर्षांचे फोटो गेले! म्हणून नोंद किमान तीन ठिकाणी हवी: शाळेच्या संगणकावर, एका पेन ड्राइव्हमध्ये आणि महत्त्वाचं ते कागदावर. शाळेच्या कपाटातलं जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर कुठल्याही ॲपपेक्षा जास्त टिकतं, हे आपल्याला शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

वर्गात हे कसं करायचं?

आमच्या चौथीच्या मुलांबरोबर मी गावच्या जुन्या वेशीची नोंद करून बघितली. दोन गट केले, दोन्ही गटांना मोजपट्टी दिली. कमानीची उंची मोजली तर दोन गटांच्या मापात वीतभर फरक आला. मुलं भांडायला लागली, "तुमचंच चुकलं!" मग नीट बघितलं. एका गटाने रस्त्यापासून मोजलं होतं, दुसऱ्याने बाजूच्या ओट्याशेजारी उघड्या राहिलेल्या जुन्या फरशीपासून. म्हणजे रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि वेशीचा उंबरा जमिनीत गेला. गावातल्या मोठ्या माणसांना रस्ता वर आलाय हे माहीत होतं, पण किती ते मुलांनी मोजून दाखवलं. एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या येळंला गाडी खालून जाताना वरती गवताचा भारा लागत नव्हता." मुलांनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. या एका तासात गणित झालं, भाषा झाली, परिसर अभ्यास झाला.

आपल्या शाळेत करायचं असेल तर साधारण असं करता येईल:

१. एकच वास्तू निवडा. छोटी निवडा. एखादा वीरगळ, दीपमाळ, बारवेचा एक भाग. अख्ख्या गावाचा पसारा पहिल्याच वर्षी नको.

२. परवानगी घ्या. खाजगी वाडा असेल तर घरमालकांची, देवस्थान असेल तर विश्वस्तांची, नाहीतर ग्रामपंचायतीची. संरक्षित स्मारक असेल तर संबंधित विभागाचे नियम आधी विचारा.

३. सुरक्षा आधी. धोकादायक नोटीस लागलेल्या वाड्यात, खोल बारवेत, पावसाळ्यात ओल्या पायऱ्यांवर मुलांना अजिबात न्यायचं नाही. तिथले फोटो मोठ्यांनी बाहेरून घ्यावेत. मुलांनी मोजायचं ते फक्त सुरक्षित, मोकळ्या जागेतलं.

४. फोटो काढताना आकाश थोडं ढगाळ असलं तर उत्तम, म्हणजे काळ्याभोर सावल्या पडत नाहीत. वस्तूभोवती हळूहळू फिरत फोटो घ्या. शेजारी एक मीटरची काठी किंवा निदान कंपासपेटीतली पट्टी ठेवा, नाहीतर फोटोवरून आकार कळणार नाही. झूम करू नका, चालत जवळ जा.

५. वहीत लिहा: ठिकाण, तारीख, दिशा, लांबी-रुंदी-उंची, कशाचं बांधकाम, आज काय मोडलंय. दगडाला तेलाचा रंग लावलाय का, सिमेंट थापलंय का, झाड उगवलंय का, हेसुद्धा.

६. शब्द गोळा करा. तक्तपोशी, तुळई, कडी, कोनाडा, सज्जा, दिंडी दरवाजा, माळवद. वाडा गेला की हे शब्दही जातात. गवंडीकाका, सुतारकाका, आजी-आजोबा यांच्याकडून त्यांच्या तोंडचे शब्द लिहून घ्या. सांगणाऱ्याला विचारूनच त्यांचं नाव टाका.

७. 'लोक म्हणतात' आणि 'आम्ही पाहिलं' असे दोन वेगळे रकाने ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं.

सातव्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त सांगते. आपल्याकडे दगडी जुनं मंदिर दिसलं की 'हेमाडपंती' आणि डोंगरात लेणी दिसली की 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' असं म्हणायची पद्धत आहे. पांडवलेण्यांचंच घ्या. लोकांच्या तोंडी नाव पांडवांचं. पण भिंतींवरचे ब्राह्मी लिपीतले लेख सांगतात की ही बौद्ध भिक्खूंसाठी केलेली लेणी आहेत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचं दान तिथे लिहिलंय, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, दिलेलं दान लिहिलंय. एका आईने आपल्या मुलाचा पराक्रम दगडात लिहून ठेवला! लोकांचं नाव खोटं ठरवून खोडायचं नाही, तेही जपायचं. पण दोन्ही वेगळं लिहायचं. चौथी-पाचवीच्या मुलाला ऐकीव आणि पाहिलेलं यातला फरक कळला, तर मोबाईलवर रोज येणाऱ्या फॉरवर्डच्या जमान्यात त्याला आयुष्यभराची शिदोरी मिळाली असं मी म्हणेन.

शंका येणारच

"आधीच शिक्षकांच्या मागे कामं कमी आहेत का?" हा पहिला प्रश्न. मान्य आहे. माहिती भरता भरता दिवस जातो. म्हणूनच मी याला नवा उपक्रम म्हणत नाही. परिसर अभ्यास शिकवायचा असतोच. गणितात लांबी मोजायची असतेच, भाषेत मुलाखत घ्यायची असतेच. बेंचची लांबी मोजण्याऐवजी पाराची लांबी मोजा, एवढंच. वर्षाला एक वास्तू पुरे. दहा वर्षांत दहा होतील, आणि तालुक्यातल्या पन्नास शाळांनी केलं तर हिशेब तुम्हीच करा.

"मुलांच्या हातात परत मोबाईल?" ही पालकांची काळजी. फोटो शिक्षक किंवा पालक काढतील. मुलांच्या हातात मोजपट्टी, वही, पेन्सिल. उलट एखाद्या रविवारी आई-बाबांनी मुलांना घेऊन आजोळच्या घराचा नकाशा काढावा. आजोबांना विचारत विचारत काढलेला तो नकाशा घरातल्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त बोलका असेल.

"सगळं नेटवर टाकलं तर चोरांना आयतं सापडेल." ही शंका अगदी रास्त आहे. सुट्या मूर्ती, वीरगळ, कोरीव दगड यांचं नेमकं ठिकाण उघडपणे टाकू नये. ते रजिस्टरमध्ये राहू द्या. उलट चोरी झालीच तर फोटो आणि मापं असलेली वस्तू ओळखता येते. नोंद नसलेल्या वस्तूची तक्रार तरी कशी लिहिणार? बारवेसारख्या मोठ्या वास्तूंचं वेगळं. महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातल्या बारवा नकाशावर आणल्या, त्यामुळे लोक तिथे जाऊ लागले आणि कित्येक ठिकाणी कचरा उपसला गेला. तिथे उघडं करण्यातच फायदा झाला.

आणखी एक शंका कुणी उघड बोलत नाही, पण मनात असते: नोंद कुणाची करायची? माझं उत्तर सरळ आहे. सगळ्यांची. मंदिर, दर्गा, विहार, जैन मंदिर, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली विहीर, सगळं. मुलांच्या वहीत मोजपट्टी सगळ्यांना सारखीच लागते.

नोंद आधी, काम नंतर

शेवटी दोन मागण्या.

पहिली आपल्या गावांकडे. गावात जीर्णोद्धार निघतो तेव्हा लोक भक्तीने वर्गणी देतात, जुनं दगडी देऊळ उतरवून नवं टाइल्सचं बांधतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका नाही. पण पहिला दगड हलवण्याआधी आठ दिवस द्या. चारही बाजूंनी फोटो, मापं, दगडांवर खडूने क्रमांक. उतरवलेले कोरीव दगड भरावात टाकू नका, आवारात मांडून ठेवा. हे सांगायला ग्रामसभेत शाळेचे सर किंवा मॅडम उभ्या राहिल्या तर गाव ऐकतं. अजूनही ऐकतं.

दुसरी मागणी आपल्या शहराकडे. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरात घाट, रस्ते, पूल यांची कामं चालू आहेत. लाखो भाविकांची सोय व्हायलाच हवी. पण गोदाकाठच्या कुठल्याही जुन्या पायरीला, ओवरीला, कुंडाला हात लावण्याआधी तिची मोजमापासह नोंद व्हावी आणि ती लोकांना बघता येईल अशी ठेवावी. एकदा काँक्रीट पडलं की काय होतं हे आपण पाहिलंय. मागच्या वेळी १९१७ चा नकाशा मदतीला आला. आणखी शंभर वर्षांनी नाशिकची मुलं आपली नोंद शोधतील तेव्हा त्यांना काहीतरी सापडलं पाहिजे.

यंदाच्या पावसाआधी आपल्या शाळेजवळची एक वास्तू निवडा. मोजपट्टी घ्या, वही घ्या, मुलांना घ्या. काय मोजलं, काय नवीन कळलं, कोणता जुना शब्द सापडला ते खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा. आपण सगळे मिळून एक यादी करूया.